अक्कांचा राहिलेला जबाब

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की मान खाली जाते. ज्या केसेसमध्ये बक्षिसं मिळाली त्या मी विसरलो. ही विसरता येत नाही.

एरंडोलच्या बाजूला एका ग्रामीण ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना एक बाई रडत आत आली. तिच्या सत्तरीच्या आईला चुलीपाशी बसल्या बसल्या दिसेनासं झालं होतं. सगळं गाव तिच्या आईला अक्का म्हणत असे.

"साहेब, मन्ही भावजयीनंच सरपणवर कपाशीनं औषध टाकं," ती म्हणाली. "दोन्हीसनं रोज भांडण व्हये."

भाऊ सुरतेला कामाला होता, घरात फक्त सासू-सून. त्यांचं पटत नाही, हे गावात दहा जणांनी सांगितलं. घरात फवारणीच्या औषधाची अर्धी बाटलीही सापडली. आता सांगा, कापूस पिकवणाऱ्या कोणत्या घरात ती सापडणार नाही? पण तेव्हा एवढं कुठलं सुचायला! पंचनामा केला, गुन्हा नोंदवला आणि सुनेला अटक केली.

ती गावाबाहेरच्या एका कारखान्यात कामाला जायची. तिथे पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, भुगा दाबून बोटाएवढ्या कांड्या पाडत. त्यांना पेलेट म्हणतात, बॉयलरला जळण म्हणून त्या विकल्या जातात. महिला हवालदाराला शेजारी बसवून मी तिला विचारलं, "चुलीत काय टाकलंस?"

"लाकडंच, साहेब. चुलमा दुसरं काय टाकतस?"

मला ते उर्मट वाटलं. आवाज चढवून विचारलं, "लाकडं कुठून आणलीस?" त्यावर ती खाली बघत राहिली, एक शब्द बोलली नाही. चोराच्या मनात चांदणं, ही म्हण मी तिला ऐकवलीसुद्धा. कोर्टाने दोन दिवसांची पोलीस कोठडी दिली.

त्याच दिवशी जळगावच्या दवाखान्यातून डॉक्टरांचा फोन आला. डोळ्यांत नक्की काय गेलंय, असं ते विचारत होते. मी ठासून सांगितलं, "फवारणीचं औषध." त्यांनी त्या अंगाने उपचार केले.

अक्कांचा जबाब मात्र मी घेतलाच नव्हता. डोळ्यांवर पट्ट्या बांधलेली म्हातारी काय सांगणार, हा माझा शहाणपणा. तिसऱ्या दिवशी निव्वळ कागदावर अंगठा घ्यायला गेलो.

"कोन शे?"

"पोलीस, अक्का."

"आते उनात का? मन्ही सून कोठे शे?"

आत्ता आलात का, हा टोला मी गिळला. सून कोठडीत आहे म्हणून सांगितलं, तशा त्या ताडकन उठून बसल्या. "अरे देवा! तिनं काय करं? लाकूड ओलं व्हतं. मी ते मोडं, त्यामाईन पांढरं दूध निंघनं. तोच हात डोयाले लागना."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"कोन्हले सांगू? पोर आयकस नही, आनि तुम्ही उनात नही."

असलं ओलं लाकूड घरात येणार ते सुनेच्या कामावरूनच, म्हणून तिथून मी तडक कारखान्यावर गेलो. आवारात ओल्या लाकडांचा ढीग होता आणि सालीला शिंपल्या चिकटलेल्या होत्या. हवालदार म्हणाला, "साहेब, खानदेशात समुद्र कधी आला?" मी वनविभागाला कळवलं, तसे त्यांचे रेंजर आले. त्यांची आधीची नोकरी कोकणात झालेली. ते लांबूनच ओरडले, "हात लावू नका! ही खाडीतली खारफुटी आहे. ती तोडायला बंदी आहे, आणि यातल्या एका झाडाचा चीक डोळ्यांत गेला तर दृष्टी जाते."

पऱ्हाटीचा हंगाम संपला की कारखान्याला माल कमी पडायचा, म्हणून मालक खाडीकाठची चोरटी तोड ट्रकने मागवत होता. कागदावर मात्र बाभूळ लिहिलेली. कामावरच्या बायकांच्या हातांवर चिकाने फोड आले होते. मोळीभर जळण घरी न्या, पण बाहेर बोललात तर काम गेलं समजा, असा मुकादमाचा दम होता. सून गप्प का बसली, ते मला तिथे कळलं.

मालकाला अटक केली, डॉक्टरांना खरं काय ते कळवलं. अक्कांचा एक डोळा वाचला, दुसरा गेला. आधी कळलं असतं तर कदाचित तोही वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले.

कोर्टात अहवाल देऊन सुनेला सोडवलं. "जा घरी," मी म्हणालो. ती जागची हलली नाही.

"कोठे जाऊ, साहेब? बठ्ठा गाव म्हनस, इनी सासूना डोया फोडात."

मग मीच तिला जीपमधून गावात नेलं. पारावर लोक जमवले आणि गणवेशात उभा राहून सांगितलं, "ही बाई निर्दोष आहे. चूक माझी आहे." सगळ्यांदेखत तिला हात जोडले. नणंद तोंडाला पदर लावून रडत होती. सून सरळ घरात गेली.

ज्याला इजा झाली त्याचा जबाब आधी घ्यायचा, हे प्रशिक्षणात पहिल्याच आठवड्यात शिकवतात. मी ते नोकरी संपत आल्यावर शिकलो, आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली.

निवृत्तीनंतर एकदा त्या गावात थांबलो. अक्कांनी मला ओट्यावर बसवलं, जवळ येऊन एका डोळ्याने निरखलं. "वाळी गयात, साहेब," म्हणाल्या. मग आत हाक मारून चहा टाकायला सांगितला. सुनेने कप दाराच्या आतून सरकवला, अक्कांनी तो माझ्या हातात दिला. चहा चांगला होता. मी निघेपर्यंत ती बाहेर आली नाही, आणि तिला बाहेर बोलवा असं म्हणायला मला तोंडच नव्हतं.