ताठ पानांचा ऊस

खताच्या दुकानात काम करायचं म्हणजे रोज एक किस्सा फुकट! नेवाशात एका कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर मी सात वर्षं उभी आहे. एकट्या सिलिकॉनच्या गोणीनं जेवढं हसवलं तेवढं बाकी सगळ्या खतांनी मिळून हसवलं नाही. रडवलंही तिनंच.

*

सुरुवातीला एक आजोबा आले. मी समजावलं, "सिलिकॉन म्हणजे वाळूत असतं तेच. उसानं ते घेतलं की पान ताठ राहतं, ऊस लोळत नाही." आजोबा गोणी न घेताच गेले आणि महिन्यानं तणतणत परत आले.

"पोरी, दोन ट्रॉल्या वाळू टाकली रानात. ऊस हाय तिथंच हाय!"

वाळू उसाला पचत नाही, विरघळणारं सिलिकॉन लागतं, हे आधी कुणी सांगायचं? मीच ना! विसरले होते.

*

गोणी नेलेले दुसरे एक काका दर आठवड्याला रिपोर्ट द्यायचे. "मॅडम, खोडकिडा आला, एक घास घेतला, आन् दात धरून माघारी गेला!"

त्यात थोडं खरंही आहे. असला ऊस कुरतडताना अळीचे जबडे झिजतात.

*

एका काकूंनी मोबाईलवर वाचलं, की केसांना, नखांना, हाडांना सिलिकॉन लागतं. तडक दुकानात आल्या. "सासूबाईंचे गुडघे लई दुखतेत. चमचाभर दे की यातलं!"

मी हातच जोडले. "काकू, हे उसाचं खत आहे! माणसाला भाजी-भाकरीतून मिळतं तेवढं पुरतं."

"भाकरी तर त्या रोजच खातेत," म्हणाल्या आणि हिरमुसून गेल्या.

*

आम्ही पाथर्डीकडचे. माझी आई ऊसतोडीला जायची. एका हंगामात तिची टोळी नेमकी त्या खोडकिडावाल्या काकांच्याच रानात उतरली. आई मला भाकरी द्यायला दुकानात आली, तेव्हा काका काउंटरवरच होते.

"मालक, यंदा पाला लई कापतोय. काय टाकलं हुतं?"

काका खुशीत म्हणाले, "तुझ्याच पोरीनं दिलंय की! पान बघ कसं, ब्लेडवानी!"

आईनं हात पदराखाली घेतले. माझ्याकडं बघून म्हणाली, "बरं हाय. ऊस उभा राहिला की तोडायला सोपा जातो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

*

गावच्या रेशन दुकानातल्या मशीनवर आईचा अंगठा कधी उमटलाच नाही. पाल्यानं आणि कोयत्यानं रेषाच झिजलेल्या. तेल लावून झालं, गरम पाण्यात बुडवून झालं.

दुकानदार वैतागायचा. "मावशी, अंगठा आणलाय का घरीच ठेवलाय?"

"उसात राहिला!" आई हसायची.

मागच्या वर्षी तिची कंबर गेली. डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून बजावलं. पण ती ऐकते कुठली! "यंदा न्हाई तर पुढच्या हंगामाला जाईन. मुकादमाला सांग, टोळीतनं माझं नाव काढू नको." कोयता उशाशी घेऊन वर्षभर झोपून होती.

परवा रेशनच्या केवायसीला तिला रिक्षातून नेलं. तिनं अंगठा ठेवला, आणि पहिल्याच फटक्यात हिरवा दिवा!

दुकानदारानं टाळी वाजवली. "जिंकलात की मावशी!" रांगेतले सगळे हसले, मीही हसले.

आई अंगठा डोळ्यांजवळ नेऊन परत उगवलेल्या रेषा बघत राहिली. घरी आल्यावर म्हणाली, "त्यो कोयता आता कुणाला तरी देऊन टाक."