बाजाराच्या दिवशी तीन गोळ्या

संधिवात म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर म्हातारीचे गुडघे येतात, आणि मला लोकांचा राग येतो. माझ्या आईला तो लागला तेव्हा तिला चाळीसही झाली नव्हती. आणि तो गुडघ्यांत नव्हता, बोटांत होता. तिचं सगळं बोटांवरच चालायचं. ती बांगड्या भरायची. वडील ट्रकवर असत; घरी असले काय नि नसले काय, सारखंच. आई रोज सकाळी बांगड्यांची पेटी घेऊन खुटबावहून निघायची. आज पाटस, उद्या दौंड, परवा आणखी कुठलं गाव, असे आठवड्याचे सहा बाजार ती करायची. समोरच्या बाईचा हात ती अशी दाबायची की अगदी घट्ट मापाची बांगडीसुद्धा त्या बाईला कळायच्या आत मनगटावर उतरलेली असायची.

मग सकाळी तिची मूठ मिटेना. कोमट पाण्यात हात बुडवून ती तासभर चुलीपुढं बसायची. बाजारात बांगड्या गिऱ्हाइकाच्या हातातच फुटायला लागल्या. आपल्याकडे बांगडी फुटली असं कुणी म्हणतही नाही, वाढवली म्हणतात. अशा बायका सणासुदीला हातात काच वाढवून घ्यायला कशाला येतील? त्या शेजारच्या पालावर जायला लागल्या. आमच्या डॉक्टरांनी तिचा हात हातातही न घेता ‘वात आहे’ म्हणून सांगितलं, कमरेत इंजेक्शन टोचलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. त्या माणसाला मी अजून विसरलेले नाही.

मामा तर त्याच्याही वरचे. आईचा धाकटा भाऊ, पाटसच्या साखर कारखान्यात हंगामी कामाला. एका बाजारात बसणाऱ्या कुणा वैद्याकडून ते कागदाच्या पुड्या घेऊन आले. आईनं पुडी घेतली आणि तिसऱ्या दिवशी मूठ मिटली. घरात दिवाळी झाली. आई पुन्हा बांगड्या भरायला लागली, तिचं तोंड गोल दिसायला लागलं, आणि जो येईल तो तब्येत सुधारली म्हणून कौतुक करायचा.

मी तेव्हा फार्मसीच्या डिप्लोमाला होते. सुट्टीत घरी आले, आईचं ते सुजलेलं तोंड आणि दंडावरचे काळेनिळे डाग पाहिले, आणि पुडीत काय कुटून घातलंय ते ओळखलं. स्टेरॉइड. दुखणं झाकायचं आणि आत हाड झिजत राहायचं. मी मामांना अंगणातच धरलं.

“मी काय इख देतोय व्हय माज्या बहिनीला?”

“तेच देताय, मामा.”

ते दुसऱ्या दिवशी न सांगता निघून गेले. पण पुडी बंद केली की आईला उठून बसता येईना, म्हणून ती चोरून मागवायची आणि ते चोरून आणून द्यायचे. अशी तीन वर्षं गेली. त्या तीन वर्षांत तिची बोटं करंगळीच्या बाजूला कलंडली.

मला कारेगावला, कंपन्यांच्या शेजारच्या एका मेडिकलमध्ये नोकरी लागली, तेव्हा मी आईला जवळजवळ ओढतच पुण्याला नेलं. तिथला सांध्यांचा डॉक्टर तरुण होता. त्यानं प्रत्येक सांधा दाबून पाहिला, आणि या एवढ्यासाठी मी त्याचं सगळं ऐकून घेतलं. तो म्हणाला, शरीराची राखण करणाऱ्या पेशीच हिच्या सांध्यांवर उठल्यात. पूर्वी आम्ही आधी नुसत्या दुखण्याच्या गोळ्या द्यायचो आणि जालीम औषध शेवटाला ठेवायचो. आता नव्या अभ्यासातून कळतंय की ते उलटं होतं. पहिल्या काही महिन्यांतच रोगाला दाबायचं असतं, खाल्लेलं हाड परत येत नाही. पुड्या हळूहळू कमी करत बंद करायच्या आणि ही गोळी चालू करायची.

त्या गोळीचं नाव मला माहीत होतं. आमच्या पुस्तकात ती कॅन्सरच्या धड्यात होती. सांध्यांसाठी ती अगदी थोडी द्यायची, आठवड्यातून एकदाच. तीन गोळ्या, एका दिवशी. रोज घेतली तर जीव जाईल. डॉक्टर आईला समजावायला लागला आणि मध्येच थांबून मला म्हणाला, “तुम्ही फार्मसीवाल्या. तुम्हीच नीट सांगाल.” मला केवढी मोठी झाल्यासारखं वाटलं.

दुकानात आमची एक पद्धत होती. आठवड्याचं औषध असलं की गिऱ्हाइकाला वार सांगायचा नाही. शेतकरी माणूस वार विसरतो, बाजार विसरत नाही. म्हणून आम्ही सांगायचो, बाजाराच्या दिवशी घ्या. एकदाही कुणी चुकलं नव्हतं. घरी येऊन मी आईच्या हातात दोन महिन्यांच्या चोवीस गोळ्या ठेवल्या आणि दुकानातल्याच आवाजात म्हणाले, “बाजाराच्या दिवशी तीन गोळ्या. विसरायचं नाही.” मामा उंबऱ्यात बसले होते. त्यांनाही ऐकू जाईल असं मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, आणि संध्याकाळच्या एसटीनं कारेगावला परतले.

दहाव्या दिवशी दुकानात मामांचा फोन आला. आईच्या तोंडात फोड आले होते, पाणी गिळवत नव्हतं, हिरड्यांतून रक्त येत होतं. मी घरी पोचले ते मामांवर तुटून पडायलाच. पुन्हा पुडी दिलीत ना, म्हणून मी भरल्या घरात त्यांना नाही नाही ते बोलले. ते हात जोडून नुसतं “न्हाई गं, न्हाई” म्हणत होते. मी फडताळ उपसलं, पिठाचा डबा पालथा केला. पुडी कुठंच नव्हती. शेवटी बांगड्यांची पेटी उघडली. लाल चुड्याखाली गोळ्यांची पाकिटं नीट घडी करून ठेवली होती. सगळी रिकामी.

आईनं उशीवरून पाहिलं. तिला बोलवत नव्हतं तरी ती अभिमानानं बोलली.

“तू सांगितलं तसंच केलं बग. येक बी बाजार चुकवला न्हाई.”

तिला आठवड्याचे सहा बाजार होते. हे मला जन्मापासून माहीत होतं. त्याच पेटीवर माझं शिक्षण झालं होतं.

पुण्याला नेईपर्यंत तिला ताप भरला होता. रक्तातल्या पेशी पार उतरल्या होत्या. उताऱ्याचं इंजेक्शन सुरू झालं, आणि तो तरुण डॉक्टर वॉर्डाबाहेर आला.

“रोज घ्यायला कुणी सांगितलं यांना?”

मी हातातल्या फाइलमधले कागद सारखे करत राहिले.

“म्या सांगितलं, सायेब,” मामा म्हणाले. “मला वाटलं, लवकर गुन यील.”

डॉक्टरनं त्यांना बाहेर बसलेल्या सगळ्या लोकांसमोर झाडलं. घरात शिकलेली मुलगी असताना तुम्ही कशाला मध्ये पडता, म्हणाला. मामा मान खाली घालून ऐकत राहिले. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होते.

आई वाचली. महिन्याभरानं उठली, केस निम्मे गेले होते. नंतर तीच गोळी तिनं पुन्हा घेतली, फक्त रविवारी, मी पाकिटावर पेनानं मोठ्या अक्षरांत लिहून दिलेली. सूज उतरली, सकाळची मूठ मिटायला लागली. कलंडलेली बोटं मात्र तशीच राहिली आणि बांगड्या भरणं सुटलं ते सुटलंच. मी आता दुकानात कुणालाही बाजाराचा दिवस सांगत नाही. कुणी सांगितला तर त्याच्या अंगावर धावून जाते. लोक म्हणतात, बाई तापट आहे.

आमच्या नात्यात ही गोष्ट पुडीवाल्या मामाची म्हणून सांगतात. मागे एका लग्नाच्या पंगतीत कुणीतरी मामांना हसत म्हणालं, “आप्पा, बहिनीला मारायलाच निघाला व्हतात की वो तुमी!” मी समोरच्याच पानावर होते. मामांनी भाताला कालवण मागून घेतलं आणि जेवत राहिले. त्यांनी एकदा जरी माझ्याकडे पाहिलं असतं तर मी तिथंच खरं काय ते सांगितलं असतं, असं मी स्वतःला सांगते. ते खोटं आहे.