मावशीचे पॉइंट आणि काकांचा पायजमा

माझी मावशी बावीस वर्षं दातांच्या डॉक्टरांना खुर्च्या विकत होती. वर-खाली होणारी, मागे झुकणारी, शेजारी चूळ टाकायचं भांडं असलेली ती खुर्ची. त्या खुर्च्यांपायी महिन्यातून आठ-दहा वेळा ती विमानात बसायची, तेही कायम शेवटच्या रांगेत, शौचालयाच्या भिंतीला पाठ लावून. तिकिटं तिची कंपनी काढायची, पण प्रत्येक प्रवासाबद्दल विमान कंपनी बक्षीस म्हणून देते ते पॉइंट मावशीच्या खात्यात पडायचे. ती निवृत्त झाली तेव्हा तिच्याकडे साडेचार लाख पॉइंट होते, आणि ते कशावर खर्च करू नयेत याबद्दल अत्यंत ठाम मतं होती.

मामाने एकदा आपले चाळीस हजार पॉइंट देऊन सूटकेस घेतली. मावशी त्याच्याशी तीन महिने बोलली नाही. बोलली तेव्हा एवढंच म्हणाली, "तेवढ्यात तू कुठेतरी जाऊन आला असतास. आता सूटकेस आहे, आणि तू घरी आहेस."

तिचं गणित सरळ होतं. तिकिटाची रोख किंमत घ्यायची. पॉइंट दिले तरी जे कर भरावेच लागतात, ते त्यातून वजा करायचे. राहिलेल्या रकमेला पॉइंटांनी भागायचं, की एका पॉइंटाला काय मिळालं ते कळतं. सूटकेस, मिक्सर, हेडफोन घेतले तर मातीमोल. जवळचा प्रवास केला तर ठीकठाक. खरा भाव मिळतो तो लांबच्या विमानात, अगदी पुढच्या केबिनमध्ये, जिथलं तिकीट कोणी शहाणा माणूस स्वतःच्या पैशाने काढत नाही. या हिशेबापायी मावशी माझ्या लग्नाला चौदा तास बसने आली. पाय सुजले होते, चेहरा मात्र समाधानी होता.

मग एका सकाळी विमान कंपनीची ईमेल आली. पुढच्या महिन्यापासून त्याच सीटला जवळजवळ दुप्पट पॉइंट लागणार होते. मावशीने ती दोनदा वाचली आणि चहाचा कप बाजूला सारला. समोर काका एका डोळ्याला भिंग लावून कोणाचं तरी मनगटी घड्याळ उघडून बसले होते. घड्याळं दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा.

"अहो, आपल्याला जायचंय," मावशी म्हणाली.

"कुठे?"

"ते अजून ठरायचंय."

काका आयुष्यात विमानात बसले नव्हते. ज्या यंत्राच्या आतलं काही दिसत नाही, त्यात बसायचं नाही असा त्यांचा नियम होता. पण मावशी तीन दिवस फोन आणि कागद घेऊन जेवणाच्या टेबलावरून हलली नाही. चौथ्या दिवशी तिने जाहीर केलं की पुढच्या केबिनमधल्या दोन सीट सापडल्या आहेत. शहर इतकं लांबचं होतं की ते आहे, यापलीकडे घरात कोणालाच त्याची माहिती नव्हती. परतीच्या सीटही मिळाल्या होत्या, फक्त त्या दुसऱ्याच दिवशीच्या होत्या.

"म्हणजे सतरा तास जायचं, सतरा तास यायचं," काकांनी भिंग काढलं, "आणि तिथे राहायचं किती?"

"एकोणीस तास."

"तिथे बघण्यासारखं काय आहे?"

"मोकळ्या सीट."

काका गेले. का गेलात, असं मी नंतर विचारलं, तर म्हणाले, "तीन दिवस टेबल अडलं होतं. मला काम करता येईना."

विमानात त्यांना गादीसकट पलंग होईल अशी सीट मिळाली आणि राखाडी रंगाचा मऊ पायजमा-सदरा, छातीवर छोटासा पक्षी काढलेला. काकांनी तो घातला, आडवे झाले आणि सलग अकरा तास घोरले. मावशीने मात्र झोपायचं नाही असं ठरवलं होतं, कारण झोपलं की भाव घसरतो. जे जे समोर आलं ते तिने खाल्लं. चार सिनेमे पाहिले. सीट सात वेळा पलंग करून पाहिली आणि कंबरेचा आधार आमच्या कंपनीच्या खुर्चीचा जास्त चांगला होता, असं हवाईसुंदरीला समजावून सांगितलं. पंधराव्या तासाला हातात कॉफीचा कप असताना तिचा क्षणभर डोळा लागला. सगळी कॉफी काकांच्या घडी केलेल्या पँटवर गेली.

एका दिवसासाठी कशाला ओझं, म्हणून तिने दुसरी पँट घेतलीच नव्हती. काका त्या शहरात पायजम्यावर उतरले. पासपोर्ट तपासणाऱ्या माणसाने त्यांच्याकडे पाहिलं, पक्ष्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने शिक्का मारला.

हॉटेलची खोली दुपारी तीनला मिळणार होती. शेजारीच नाणी टाकून कपडे धुवायचं दुकान होतं. भिंतीला आठ यंत्रं, मधे प्लॅस्टिकच्या खुर्च्या. काकांनी पँट यंत्रात टाकली आणि काचेसमोर बसले. इथे आत काय चाललंय ते सगळं दिसत होतं, त्यामुळे ते खुशीत होते. मावशी शेजारच्या खुर्चीत बसल्या बसल्या झोपली.

पलीकडे एक वयस्कर बाई चादरींच्या घड्या घालत होती. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली होती, हे नंतर कळलं. ती सारखी काकांच्या छातीकडे बघत होती. काकांना अवघडल्यासारखं झालं. शेवटी ती जवळ आली, पक्ष्यावर बोट ठेवलं आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "पुढची केबिन?"

काकांनी मान हलवली.

"पैसे की पॉइंट?"

काकांनी झोपलेल्या मावशीकडे बोट दाखवलं. "बायको," ते म्हणाले.

बाईने मावशीला हलवून जागं केलं. पुढचा अर्धा तास दोघी साबणाच्या रिकाम्या खोक्यावर आकडे लिहीत होत्या. दोघींना एकमेकींचं बोलणं निम्मंही कळत नव्हतं, पण भागाकार अगदी तोच होता. मावशीने शेवटी एका पॉइंटाचा भाव लिहिला. बाईने तो वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला, आणि मावशीचा हात दोन्ही हातांत धरला. बावीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी कदर केली, असं मावशी आजही सांगते.

पँट आटून नडगीपर्यंत आली होती, त्यामुळे बाईने दोघांना घरी बोलावलं तेव्हा काका पायजम्यावरच गेले. तिने सूप आणि पाव दिला. तिचं भिंतीवरचं घड्याळ नऊ वर्षं बंद होतं. ते काकांनी तिथल्याच सुरीने उघडून चालू केलं. मावशी तिच्या सोफ्यावर जी झोपली ती संध्याकाळीच उठली. शहर कसं होतं, असं विचारलं की दोघं एकमेकांकडे बघतात.

घरी आल्यावर मावशीच्या खात्यात दोनशे बारा पॉइंट उरले होते. "हलकं वाटतंय का?" मी विचारलं.

"दात काढल्यावर जीभ सारखी तिकडे जाते ना," ती म्हणाली, "तसं होतंय."

पुढच्या वर्षी भूगोलाच्या बाई आमच्याकडे आल्या. अर्थातच पॉइंटवर. त्यांना परतीची चांगली सीट तीन आठवड्यांनंतरची मिळाली होती, म्हणून त्या तीन आठवडे राहिल्या. रोज सकाळी दोघी टेबलावर फोन घेऊन बसायच्या आणि काका आपली घड्याळं उचलून स्वयंपाकघराच्या ओट्यावर जायचे. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी बाईंना आणखी दहा दिवसांनंतरची, आणखी कमी पॉइंटांची सीट दिसली. मावशीनेच ती घ्यायला लावली.

त्या दिवशी काकांचा मला फोन आला. आवाज दबका होता.

"तुला यातलं काही कळतं का गं?" त्यांनी विचारलं. "असा भाव अजून किती दिवस उतरत राहतो?"