मामीचा आणि मैनेचा फोटो

जगात असा एकही फोटो निघालेला नाही, जो माझ्या मामाच्या मते आहे तसा चालण्यासारखा आहे. लग्नातला असो, आधार कार्डावरचा असो, नाहीतर विट्याच्या चौकात कुणाच्या वाढदिवसाचा लावलेला फ्लेक्स असो, मामा त्याच्यासमोर उभा राहतो, एक डोळा मिटतो, मान तिरकी करतो आणि निकाल देतो. "धड ह्याचं हाय, पर मुंडकं दुसऱ्या फोटोतनं आणून बसवलंया. गळ्यापाशी बघ की! ऊन एका अंगानं, सावली दुसऱ्याच अंगानं." हे तो हळू आवाजात बोलत नाही. एकदा ज्याचा वाढदिवस होता तो गृहस्थ शेजारच्या टपरीवर चहा पीत उभा होता. त्यानं कप खाली ठेवला आणि गुपचूप स्वतःचा गळा चाचपून पाहिला.

मामाची ही नजर गलाईच्या धंद्यातली. आमच्या विट्याकडची माणसं गलाईसाठी परमुलखात जातात. जुने दागिने वितळवायचे आणि त्यातलं हीण काढून निखळ सोनं बाजूला करायचं, हे त्यांचं काम. मामा मिसरूड फुटायच्या आत कोइमतूरला गेला आणि डोकं पांढरं झाल्यावर कायमचा परत आला. मधल्या काळात तो वर्षातून एकदा, यात्रेच्या आसपास यायचा, सगळ्यांना कापडं वाटायचा आणि पुन्हा भट्टीकडे जायचा. कायमचा परतला तेव्हा मात्र हातांना काम उरलं नाही. मग तो घरातलं हीण काढायला लागला. निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायचा, घासलेला तांब्या पुन्हा घासायचा, मामीनं लावलेली मांडणी उतरवून पुन्हा लावायचा. "ह्यास्नी कुठंतरी गुतवा रं," मामी मला फोनवर म्हणाली. "मला माझ्याच घरात पाय टाकायला जागा ऱ्हायली न्हाई."

मी सांगलीला राहतो, कुपवाडच्या एका कारखान्यात नोकरी करतो. माझ्याकडे एक जुना लॅपटॉप पडून होता. मामाला फोटो दुरुस्त करायचं शिकायचं आहे असं कळल्यावर मी तो त्याच्यापुढे ठेवला, आणि त्या दिवसापासून आमचे रविवार मामाच्या मालकीचे झाले. पहिल्या एसटीनं तो विट्याहून निघायचा. गळ्यात माळेऐवजी दोऱ्यात ओवलेला पेनड्राइव्ह, खिशात भिंग. शिकायचं ते यूट्यूबवरून, आणि तेही तामिळमधून! "हिंदीतली पोरं लय घाईनं बोलत्यात गड्या," तो म्हणायचा. "आन मराठीतला पयलं धा मिनिटं सोताचंच कवतिक सांगतोय. ह्यो तामिळवाला कसा, भट्टीपाशी बसून शिकवल्यागत शिकवतोय." त्यामुळे दर रविवारी आमच्या घरातून खणखणीत तामिळ ऐकू यायचं आणि शेजारच्या वहिनींनी एकदा माझ्या बायकोला दबकत विचारलं, "भाडेकरू ठेवलेत का हो?" उजेड वाढवताना हात कुठं थांबवायचा ते सांगण्यासाठी तो तामिळ गुरुजी 'पोदुम' म्हणायचा, म्हणजे पुरे. मामानं तो शब्द असा उचलला, की जेवताना बायको भाकरी वाढायला गेली तरी ताटावर आडवा हात धरून तो "पोदुम, पोदुम" करायचा.

शिकताना हात बसेपर्यंत काही माल वाया जातोच. आमच्या वास्तुशांतीच्या फोटोत मागं विजेचा खांब आला होता. मामानं तो काढला. खांबाबरोबर माझ्या सासऱ्यांचा उजवा हातही गेला. मी घाबरून ओरडलो तर मामा शांत. "हात काय, परत आणतो की! घाई कशाला?" आणि त्यानं खरोखरच आणला. फक्त तो सासूबाईंचा होता, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या भरलेला. तो फोटो घराच्या ग्रुपवर आधी गेला आणि आमच्या लक्षात नंतर आला. सासरे आठवडाभर माझ्याशी तुटक बोलत होते. मामाला त्याचं काही नाही. "बांगड्यांवरची चमक बघितलीस का? एक बी फुटली न्हाई."

हे सगळं तो कशासाठी शिकत होता ते मला बऱ्याच दिवसांनी कळलं. मामाच्या बाहेरच्या खोलीत त्याचा स्वतःचा मोठा फोटो आहे, सफारी घातलेला, कोइमतूरच्या स्टुडिओतला, मागं रंगवलेला धबधबा. मामीचा एकही नाही. कुणी फोन रोखला की ती पदर तोंडावर ओढून आत जायची. तिचा हसरा असा एकच फोटो होता, तो मी काढलेला. मैना म्हैस तिचा खांदा चाटत होती आणि ती "आगं, बास की!" म्हणून तोंड भरून हसत होती. पण दिवस मावळायला आला होता, गोठ्यात अंधार, मैना काळीकुट्ट. फोटोत मामीचे दात, मैनेच्या कपाळावरचा पांढरा चांद आणि एक निळी बादली एवढंच दिसायचं. मैना त्यानंतर थोड्याच महिन्यांनी म्हातारपणानं गेली. मामी दोन दिवस जेवली नाही. तेव्हा मामानं तो फोटो माझ्याकडून मागून घेतला होता.

"काळ्या जनावराचा फोटो लय अवघड," मामा मला समजावून सांगायचा. "सगळा उजेड एकदम वाढिवला तर म्हस राखंवाणी दिसती. जरा जरा वाढवाय लागतंय." मग तो मैनेच्या अंगावरचा अंधार थोडा थोडा उपसायचा. एका रविवारी शिंगांची वळणं वर आली, दुसऱ्या रविवारी मानेवरची लव. डोळ्यांत उजेडाचा ठिपका दिसायला लागला त्या दिवशी मामानं माझ्या बायकोला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं. "बघ पोरी, बघायला लागली." मग फोटोतल्या मामीचा चेहरा उजळला. मग निळी बादली गेली, शेणाची पाटी गेली, भिंतीवरची वायर गेली, मैनेच्या गळ्यातलं दावंसुद्धा गेलं. शेवटी मामानं मामीच्या हातावरचे दोनचार डाग टिपले आणि खुर्चीत मागं रेलून म्हणाला, "पोदुम."

आम्ही सांगलीतच तो मोठा छापून घेतला, चौकट केली आणि दोघं मिळून विट्याला घेऊन गेलो. मामी अंगणात शेंगा वाळत घालत होती. मामानं कागद सोडला आणि फोटो तिच्यापुढे धरला. उकळत्या सोन्याची मूस धरावी तसा, दोन्ही हातांनी.

मामीनं पदरानं बोटं पुसली आणि मैनेच्या कपाळावरून, चांदावरून अलगद हात फिरवला. "आली गं माझी बाय," म्हणाली. मग जरा जवळ वाकली. "आवं, दावं कुठाय हिचं? दाव्याबिगर उभी ऱ्हायली असती व्हय? रानात पळाली असती." मामा हसला. मी हसलो. मामी अजून वाकली आणि तिचं बोट फोटोतल्या स्वतःच्या हातावर थांबलं.

"आन हितली खूण कुठं गेली?"

"कसली खूण?" मामानं विचारलं.

मामीनं हात उलटा करून दाखवला. कोपराच्या खाली, आतल्या अंगाला, बोटभर लांबीचा पांढरट वण. मामा त्याच्याकडे बघतच राहिला. फोटोत तो त्याला मळ वाटला होता.

"ही कवाची?"

"लय जुनी. वळवात गोठ्याचा पत्रा उडाय लागला हुता, तो धरला. तवा कापलं. टाकं पडलं चार-पाच."

"मला कसं ठावं न्हाई?"

"तुमी तिकडं भट्टीपाशी. सांगून काय करायचं? जीवाला घोर."

मामानं माझ्याकडे पाहिलं. "तुला ठावं हुतं?"

मला ठाऊक होतं. माझ्या वडिलांची नोकरी कोयनानगरला, आई सतत आजारी, म्हणून शाळेची वर्षं मी मामीकडे काढली होती. त्या संध्याकाळी पत्र्याचं दुसरं टोक माझ्याच हातात होतं. रक्तानं भिजलेला हात टॉवेलात गुंडाळून मामीनं आधी म्हशीची धार काढली, मला दूध तापवून दिलं, आणि मग डॉक्टरकडे चालत गेली. "मामाला बोलायचं न्हाई," एवढंच मला बजावलं होतं. मी मामाकडे बघून मान डोलावली. चौकट उचलून मामानं पुन्हा कागदात गुंडाळली.

पुढच्या रविवारी तो पुन्हा पहिल्या एसटीनं आला. आधी त्यानं खूण परत आणली. मग दावं आणलं. मग पाटी, मग बादलीसुद्धा, कारण ती मामीनं यात्रेत घेतलेली होती. तामिळ गुरुजींचा आवाज त्या दिवशी बंदच होता. मामा फोटो मोठा करून एकेक कोपरा माझ्यापुढे धरत होता. "ह्यो अंगठा असा चपटा कशानं रं?" मी सांगितलं, कडबा कापायच्या यंत्रात सापडला होता. "आन ही भित?" मी सांगितलं, ती मामीनंच लिंपली होती, मी चिखल तुडवला होता. तो विचारत गेला, मी सांगत गेलो. माझी आई अंथरुणात असताना मला न्हाऊ घालणारे, माझ्या वह्यांना कव्हरं घालणारे, तापात कपाळावर पट्टी ठेवणारे ते हात होते. मीही इतकी वर्षं त्यांच्याकडे एवढं निरखून कधी पाहिलं नव्हतं. मामामुळे पाहिलं. त्यासाठी मी त्याचा ऋणी आहे, आणि मामीचे उपकार तर फेडायची भाषासुद्धा मला शोभत नाही.

फोटो आता बाहेरच्या खोलीत आहे. धबधब्याचा फोटो मामानं स्वतःच आतल्या खोलीत हलवला. रविवारी तो फारसा येत नाही आता. लॅपटॉप उघडला की मला चुकल्या चुकल्यासारखं होतं, बायकोही भाकऱ्या थापताना एखादी जास्त करते आणि मग म्हणते, अरे, आज मामा नाहीत. परवा मी मामीला फोन केला आणि विचारलं, मामा काय करतोय?

"करत्यात काय! दुपारचं माझ्यापाशी बसून ऱ्हात्यात," मामी म्हणाली. "ह्या साली पाऊस कसा हुता, त्या साली शेंगा कुणी काढल्या, तू आजारी पडलास तवा दवाखान्यात कोण आलतं... लय इचारत्यात रं. म्हणलं, आवं, झालं गेलं, आता कशाला? तर म्हणत्यात, आगं, तवा मी हितं न्हवतो न्हवं."