फेकी रुपेशचा हात

धारगळच्या आमच्या बेसबॉल टीमकडे ट्रॉफी एकही नाही, त्यामुळे कपाटही नाही. किस्से मात्र एवढे झालेत की ठेवायला जागा नाही. कुणाच्याही लग्नात आम्ही एकत्र बसलो की एक जण म्हणतो, "तो मामाचा सांग रे," दुसरा म्हणतो, "न्हय, आधी आईचो!" आणि पानातलं जेवण थंड होतं. म्हणून एकदाचे ओळीने सांगून टाकतो. बहुतेक सगळे रुपेशचे आहेत. तो पिचर, मी कॅचर. म्हणजे त्याचा बॉल जगात सगळ्यात जास्त मी खाल्लाय.

*

रुपेश तुयेच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पॅकिंगला. आधी टेनिस बॉल क्रिकेट खेळायचा, पण कोपर वाकायचं. बॉल टाकत नाही, फेकतो! म्हणून नाव पडलं फेकी. कुठलीच टीम घेईना.

एकदा गावच्या टूर्नामेंटला अंपायर त्याचा सख्खा मामा. रुपेशच्या हातात बॉल आला आणि नो-बॉल, नो-बॉल, नो-बॉल. ओव्हर संपेचना! शेवटी मामाच म्हणाला, "भाच्या, माजो हात दुखपाक लागलो. आता तू बस!"

बाउंड्रीवर आमचे पी.टी.चे नाईक सर भजी खात उभे होते. ते म्हणाले, "हाताचो दोष ना रे. तुजो खेळ चुकला." आणि त्याला बेसबॉल दिला. इथे कोपर वाकवलं नाही तर ओरडा बसतो! रुपेशने पहिल्याच दिवशी विचारलं, "सर, ह्यां कायदेशीर आसा मां?"

फेब्रुवारीत राज्याच्या टीमची ट्रायल होती. पुढच्या वर्षी रुपेशचं वय बसणार नव्हतं, म्हणजे पहिली आणि शेवटची. "एकदा तरी खंयच्याय टीमीत माजां नांव येवंदी," एवढंच त्याचं म्हणणं.

*

पिचर जरा उंचावर उभा राहतो, त्याला माउंड म्हणतात. भात कापून झालेल्या शेतात आम्ही माती ओढून ढीग केला, पाणी मारून चोपला. आता, आमच्याकडे सातेरी देवी रोयणीत बसते. रोयण म्हणजे वारूळ. ढीग अगदी तसाच दिसत होता, म्हणून मी एक अगरबत्ती लावली. सकाळी तिथे अबोलीची माळ, हळद-कुंकू आणि नारळ! नारळ माझा नव्हता.

सरांनी पाटी लावली: 'ही रोयण नव्हे, बेसबॉलचा माउंड आहे.' दुसऱ्या दिवशी पाटीला कुंकू!

मग वर चढायचं तर पायताण काढूनच. शेजारच्या शेवंती काकी पहारा द्यायच्या. रुपेश अनवाणीच पिचिंग शिकला आणि सर खूश. म्हणाले, "लोकांक दिसता हात. जोर खंयसून येता तो ह्या पायाच्या बोटांत पळया!" खरंच, मागच्या पायाचा अंगठा मातीत रुतायचा, माती ढकलायचा, आणि पुढचा पाय लांब, सरळ माझ्या रोखाने पडायचा. फक्त पाय उचलताना तो घाई करायचा. सर सांगून सांगून थकले.

एक दिवस काकीच ओरडल्या, "रे झिला, सावकाश! देवचारय इतक्या घाईन येणा!" देवचार म्हणजे रात्री फिरणारा गावचा राखणदार.

त्या दिवसापासून रुपेश पाय उचलून असा थांबतो, की बॅटरला घाम फुटतो.

*

सर सांगायचे, आधी कंबर वळते, मग खांदा, हात सगळ्यात शेवटी. चाबकासारखा. रुपेशचं सगळं एकदम वळायचं, दार उघडल्यासारखं. त्याच्याच फॅक्टरीतला बाळूदादा, मूळ गडहिंग्लजचा, जुना पैलवान, एकदा सराव बघायला आला. म्हणाला, "सर, ही तर धोबीपछाड हाय की! थांबा, दावतो."

सर "नको" म्हणायच्या आत सर हवेत!

सर पाठीवर, चष्मा गवतात, एक बोट वर. "रुपेश, बघितलंस? कंबर आधी!"

पुढच्याच बॉलला आवाज बदलला. पूर्वी माझ्या ग्लोव्हमध्ये थप्प यायचा, आता फाट्! बाळूदादाला सरांनी असिस्टंट कोच केलं. बोलायचं मात्र लांबून.

*

बॉल टाकले की दुसऱ्या दिवशी उजव्या हाताला आराम, हा सरांचा हुकूम. रुपेशने तो घरी थोडा वाढवून सांगितला. नारळ खोवणं बंद, विहिरीचं पाणी बंद, दळण बंद. त्याची आई थेट मैदानात! "सर, माज्या झिलाचो उजवो हात तुमी घेतलो, बरां. दावो माका जाय!"

"न्हेया," सर म्हणाले.

मग रुपेश डाव्या हाताने नारळ खोवायला बसला. डावा म्हणजे ग्लोव्हचा हात. बॉल सोडताना तो छातीशी घट्ट हवा, नाहीतर अंग एका बाजूला झुकतं. रुपेशचा आधी कोंबड्याच्या पंखासारखा फडफडायचा, आता खिळा ठोकल्यासारखा! सरांनी आभार मानायला अख्खी टीम तिच्या घरी पाठवली.

तिने प्रत्येकाच्या डाव्या हातात अर्धा अर्धा नारळ दिला.

*

बॉल सोडला म्हणून हात अडवायचा नाही, पार समोरच्या गुडघ्यापर्यंत वाहू द्यायचा, नाहीतर खांदा जातो. रुपेश इतका इमानदार की दरवेळी कमरेतून वाकायचा. वाळपईच्या टीमशी मॅच होती. त्यांचा पहिला बॅटर संस्कारी पोरगा. रुपेश वाकला, तोही वाकला! स्ट्राइक.

त्याने मला हळूच विचारलं, "हांगा अशी रीत आसा?"

"आसा," मी म्हटलं. "मोडल्यार बरें न्हय."

स्ट्राइक टू. त्यांचा कोच किंचाळत होता, "अरे, बॉल पळय!" पण पोरगा घरचा चांगला. स्ट्राइक थ्री, म्हणजे आउट!

*

ट्रायल म्हापशाला. लायनीत बरेच पिचर, सगळ्यांचे बूट चकाचक. रुपेशचा चेहरा पांढरा. मला म्हणाला, "माजे बूट पळय रे." मी म्हटलं, "बूट नंतर, कंबर आधी." हसला नाही.

सिलेक्टर खुर्चीत, डोळे फोनवर. "टाक रे."

"टाकलो, सर."

सिलेक्टरने वर बघितलं. बॉल माझ्या ग्लोव्हमध्ये.

"परत टाक." या वेळी त्याने बघितलं. फोन खिशात गेला. तिसऱ्याला तो उठून माझ्या मागे जाळीपलीकडे येऊन उभा राहिला. रुपेशने पाय उचलला, थांबला. कंबर, खांदा, हात. फाट्! मधे जाळी होती, तरी सिलेक्टर खाली बसला.

उठला, पँट झटकली आणि लायनीकडे वळला. "पिचर मेळ्ळो. बाकीच्यांनी बॅटिंगच्या लायनीत रावचें."

एक उंच मुलगा म्हणाला, "सर, बॉल कोण टाकतलो?"

"हो," म्हणत सिलेक्टरने रुपेशकडे बोट केलं.

तीन-तीन बॉलांत आउट होऊन एकेक जण कॅन्टीनकडे वळला. त्या दिवशी तिथले पाव साडेदहालाच संपले.