आबा चा पिऊन राह्यले

माझी मुलगी तीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. हवं ते बोटानं दाखवायची आणि शेलूबाजारातलं आमचं सगळं घर ते आणायला धावायचं. वाशिमला कान तपासले, ते ठणठणीत निघाले. मग डॉक्टरांनी स्पीच थेरपीच्या मॅडमकडे पाठवलं. सोबत माझे सासरे आले. शेतकरी माणूस, अबोल. लग्नानंतर कितीतरी दिवस मी त्यांच्या तोंडून 'हं' आणि 'नाई' एवढंच ऐकलं होतं.

मॅडमनी चित्रं मांडली. "गाय कुठे आहे?" पोरीनं बोट ठेवलं. "छत्री?" ठेवलं. तोंड मात्र बंद.

"समजतं सगळं," मॅडम म्हणाल्या. "तिच्यावर बोलायची वेळच येऊ देत नाही तुम्ही. आता घरात जे कराल ते तिच्यासमोर बोलत करा. लहान वाक्यं. आणि मग थांबा, तिला संधी द्या."

सासऱ्यांनी मान डोलावली. थांबायचं तेवढं आम्ही सगळेच विसरलो.

दुसऱ्या दिवशी ओसरीतून खणखणीत आवाज आला, "आबा चा पिऊन राह्यले! आबा बशीत ओतून राह्यले! आबा फुकून राह्यले!"

मी पिठाच्या हातानं बाहेर धावले. सासरे नातीसमोर मांडी घालून बसले होते, कोर्टात साक्ष देत असल्यासारखे गंभीर. सासूबाई क्षणभर बघत राहिल्या, मग त्याही सुरू झाल्या, "आजी कांदा चिरून राह्यली! आजीच्या डोळ्यात पानी आलं!" नवऱ्यानं दाढी करता करता बोलायचा प्रयत्न केला आणि ओरडला, "बाबाचं रक्त निघून राह्यलं!"

काही दिवसांनी शेजारीण मला बाजूला घेऊन म्हणाली, "काओ, मामाजी बरे हायेत ना? काल गाडीवर 'आबा वावरात जाऊन राह्यले' म्हनत गेले. एकटेच होते."

एका दुपारी मी सासऱ्यांना बोलताना ऐकलं, "आजी रुसून राह्यली." त्यावर सासूबाई, "आबानं भाजीले नाव ठेवलं, म्हनून रुसून राह्यली." या दोघांचं एवढं मोकळं बोलणं मी तरी कधी ऐकलं नव्हतं.

मग एका संध्याकाळी जेवताना आम्ही चौघं एकदम बोलत होतो. मधे बसलेल्या पोरीनं कानांवर हात ठेवले.

"चूप बसा!"

घास हातातच राहिले. सासऱ्यांचे डोळे भरून आले. "आबा रडून रा..." ते म्हणू लागले, तर तिनं त्यांच्या तोंडावर वरणाचा हात ठेवला. "आबा, चूप!"

मॅडमना सांगितलं तेव्हा त्या हसून हसून बेजार झाल्या. "दोन शब्द जोडले की तिनं! पण मी थांबा म्हणाले होते ना?"

आता थांबायला शिकलो. सासरे बिस्कीट हातात धरून, ओठ घट्ट मिटून तिच्यासमोर बसायचे, ती "दे" म्हणेपर्यंत. हळूहळू "पानी दे" आलं, "गाडीवर ने" आलं. 'क' मात्र दिवाळीपर्यंत आला नाही. तिच्यासारखं चुकीचं बोलू नका, असं मॅडमनी बजावलं होतं. तरी तोवर दारातल्या कुत्र्याला सगळी गल्ली 'तुत्रा' म्हणू लागली होती, आणि तो शेपूट हलवत यायचाही.