उघड्या छताची गाडी

कडूबा तुपेनं सत्तावीस वर्षं फुलंब्री ते शहर काळी-पिवळी जीप चालवली. नऊ माणसांची जीप, तिच्यात अठरा बसायची, दोघं मागच्या पायरीवर लटकायची आणि टपावर एखादी शेळी असायची. तालुक्यातली अडलेली बाळंतपणं, कोर्टाच्या तारखा, कॉलेजला जाणाऱ्या पोरी, सगळं त्यानं वाहून नेलं. एकच माणूस त्या जीपमध्ये कधी बसलं नाही. त्याची बायको लक्ष्मीबाई. तिला गाडी लागायची.

थोडीथोडकी नाही. नवी नवरी असताना एकदा एसटीनं पैठणला गेली, तर परतीच्या गाडीत पाय ठेवीना. नाथांच्या पायाशीच राहते म्हणाली. शेवटी भावानं बैलगाडी जुंपली आणि दोन दिवसांनी तिला घरी आणून सोडलं. बैलगाडीत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, टेम्पोच्या हौद्यात ती मजेत बसायची. म्हणून तिनं आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं, "डोक्यावर टप आला की माझ्या पोटात कालवतं."

कडूबा हसायचा. ओकणारी माणसं त्यानं शेकड्यानं पाहिली होती. लागणाऱ्याला पुढं बसवायचं, हातात लिंबू द्यायचं आणि सांगायचं, नजर लांब ठेवा, पार रस्त्याच्या शेवटाला. टपाचा आणि पोटाचा काही संबंध नसतो, हे त्याच्याइतकं तालुक्यात कुणाला ठाऊक नव्हतं.

जीप विकून चार वर्षं झाली आणि गेल्या कार्तिकात लक्ष्मीबाईला पिशवीचा कॅन्सर निघाला. शहरातल्या दवाखान्यात डॉक्टर प्रेरणा म्हणाल्या, रेडिएशनचे तीस शेक द्यावे लागतील. आठवड्यातले पाच दिवस रोज यायचं, झाला की घरी जायचं. खंड पाडायचा नाही.

पहिले दोन दिवस शेजाऱ्यानं आपल्या गाडीतून नेलं. काचा खाली घेतल्या, गोळ्या दिल्या. गोळ्याही बाहेर आल्या. चौक्याच्या घाटात ती दार उघडून अर्धी बाहेर लोंबकळली. तिसऱ्या दिवशी तिनं घराच्या दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली.

"इथंच मरन येऊ द्या. रस्त्यानं ओकत ओकत मला नाय जायचं."

"शहरात खोली घेऊ."

"म्हशीच्या वासाबगर मला झोप येती का?"

मोटारसायकलवर तिला बसवत नव्हतं, ट्रॉलीतले, टेम्पोतले हादरे आता सोसत नव्हते. चार शेक बुडाले. मग कडूबा एकटाच उठून जालना रोडला गेला. तिथं गोकुळ नावाच्या माणसाचं जुन्या गाड्यांचं आवार होतं. मागं एका वरातीत नवरदेवाला मिरवणारी, टप उघडणारी छोटी लाल गाडी त्यानं पाहिली होती आणि ती गोकुळकडं विकायला आल्याचं जुन्या ड्रायव्हरांकडून त्याच्या कानावर आलं होतं.

"काका, पोराचं लगीन हाय का? मग भाड्यानं न्या ना," गोकुळ म्हणाला.

"पोरगा नाय. पोरगी हाय, ती नाशिकला सुखी हाय."

"मग कुनाला मिरवायचं?"

"बायकोला. दवाखान्यात न्यायचीय."

गोकुळला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. "अरे मामू, इसमें दवाखाना? लोक ह्यात फोटो काढायला बसतात."

"काढतो की फोटो. बटन दाबा."

गाडी डब्याएवढी, दोन दारांची. परदेशी कंपनीची, आणि त्या कंपनीनं इथला गाशा कधीच गुंडाळलेला. गोकुळनं बटण दाबलं. कापडाचं छत कुरकुरत उठलं, घडी घालत मागं गेलं, आणि त्या घडीतून कुणाच्या तरी लग्नातल्या गुलाबाच्या सुकलेल्या पाकळ्या फराफर उडाल्या. कडूबानं बॉनेटवर तळहात ठेवून इंजिन ऐकलं. दुसरा गिअर जड होता. बाकी ठीक.

"खरं सांगू का काका, पार्ट मिळत नाय हिचे. छताची मोटर गेली तर गेली."

"सहा आठवडे चालंल ना?"

गोकुळनं किंमत थोडी उतरवली, कडूबानं न मागता.

घरावर पत्रे होते. ते काढून स्लॅब टाकायला जमवलेले पैसे ह्या गाडीत गेले. गाडी दारात आली तेव्हा शेजारची साळूबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"काय बाई तऱ्हा! घरावर छत टाकायचं सोडून बिनछताची गाडी आनली!"

"तुला चक्कर मारून आनतो, ये," कडूबा म्हणाला.

"नको बाबा. कावळा डोक्यावर हगायचा."

लक्ष्मीबाई कितीतरी दिवसांनी हसली. चाकांखाली चार लिंबं ठेवली, पाचवं तिनं मुठीत धरलं. डोक्याला टॉवेल गुंडाळून ती नवऱ्याच्या शेजारी बसली. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली होती आणि कडूबाच्या शेजारच्या सीटवर ती पहिल्यांदा बसत होती.

घाटात तो रस्त्यापेक्षा तिच्याकडंच जास्त बघत होता. सावंगी गेली. हर्सूलच्या जेलची भिंत सुरू झाली.

"आत किती मानसं असतील वो?" तिनं विचारलं.

तिच्या तोंडातून शब्द आले होते. नुसते शब्द. कडूबानं गाडी बाजूला घेतली आणि उगाच चाकं तपासली. डोळे पुसायला दुसरी जागा नव्हती.

"बघा, म्हनत व्हते ना मी? टपाचंच हाय सगळं."

त्यानं गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

मग रोजचंच झालं. सिग्नलला पोरं ओरडायची, "दादी, एकदम हिरोईन!" ती ओरडून सांगायची, "तुझ्या आजीला बसव की असं!" कुणाचा ऊस, कुणाची नवी विहीर, रस्ता कुठं वळतो, सगळं ती आयुष्यात पहिल्यांदा बघावं तसं बघायची आणि येताना पुन्हा विचारायची. खड्डा आला की मागच्या घडीतून एखादी पाकळी अजून उडायची. एकदाही तिला ओकारी आली नाही.

आणि कडूबाच्या आत काहीतरी वाकडं झालं. सत्तावीस वर्षांचं त्याचं ज्ञान त्याला सांगत होतं की छताचा संबंध नाही. तरी ती ओकत नव्हती. मग जे खोटं म्हणून ठाऊक होतं ते खरं ठरत असेल, तर बाकीचंही ठरेल. तीस शेक झाले की ती उठेल. म्हशी बघेल. तो हे कुणाला बोलला नाही. बोलला असता तर त्यालाच ते ऐकवलं नसतं.

बावीस शेक झाले. तिचं पोट फुगायला लागलं म्हणून सोनोग्राफी केली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर प्रेरणांनी त्याला एकट्याला आत बोलावलं.

"बाबा, आजार लिव्हरमध्ये गेलाय. आता शेक नकोत. त्यांना नुसता त्रास होईल."

"आठ राहिलेत," कडूबा म्हणाला.

"राहू द्या. घरी न्या. काय खावंसं वाटेल ते द्या."

"एकबी चुकवू नका, असं तुम्हीच म्हनल्या व्हत्या."

डॉक्टरांनी वेदनेवरच्या गोळ्या लिहून दिल्या. तो कागद त्यानं नीट चौघडी करून खिशात घातला.

लक्ष्मीबाई कडुलिंबाच्या झाडाखाली गाडीत बसली होती, मुठीत लिंबू धरून. "आज नंबर नाय का?"

"मशीन बंद हाय."

"मंग उद्या?"

"बघू."

हर्सूल गेलं. आज तिनं जेलच्या भिंतीबद्दल विचारलं नाही. सावंगीपाशी तिनं टॉवेल सोडला. चौक्याच्या घाटात पहिल्याच वळणावर तिनं त्याच्या दंडाला धरलं. "थांबवा."

ती दारावरून वाकली आणि ओकली. आधी चहा, मग काळपट पाणी, मग काहीच नाही, नुसतेच उमाळे. कडूबानं तिची पाठ धरली. हाताला मणके लागले. त्यानं बाटलीतल्या पाण्यानं तिचं तोंड धुतलं, असंख्य परक्यांना पाणी दिलं होतं तसंच.

ती मागं टेकली. वर बघितलं. वर आभाळच होतं.

"टप तर उघडाच हाय," ती म्हणाली.

कडूबानं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं. मागून ट्रक हॉर्न देत गेला.

"काय म्हनली डाक्टरीन? मशीनीचं सोडा."

त्याला सांगावं लागलं नाही. ती त्याच्या चेहऱ्याकडं बघत राहिली आणि मग तिनं मूठ उघडून लिंबू दोघांच्या मधल्या खाचेत ठेवून दिलं.

"लावा ते छत. ऊन लागतंय."

घाटाचा तो तुकडा सावलीत होता. ऊन केव्हाच डोंगरापलीकडं गेलं होतं.

कडूबानं बटण दाबलं. मोटर कुरकुरली, कापड उठलं, दोघांच्या डोक्यावरून पुढं आलं आणि काचेच्या कडेला येऊन बसलं. आत एकदम अंधारलं. एक पाकळी तिच्या मांडीवर पडली. ती तिनं झटकलीही नाही. त्यानं पहिला गिअर टाकला, मग तो जड दुसरा.

"नजर लांब ठेव, लक्ष्मे," तो सवयीनं म्हणाला.

"किती लांब?"

पुढं वळण होतं. काचेतून जेमतेम चाळीस फूट रस्ता दिसत होता. तेवढ्याकडं बघत तो गाडी हळू चालवत राहिला.